गाडी घेऊन मेक्सिकोत राहायला जाताना

टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींचा मुक्काम आता मेक्सिकोकडे वळतो आहे. कुणाची कंपनी ग्वादालाहारा किंवा माँतेर्रेला बदली करते, कुणी घरून काम करणारा अमेरिकेतल्या घरभाड्याला कंटाळलेला असतो, कुणाला निवृत्तीनंतर थंड हवेच्या गावात राहायचं असतं. सीमा गाडीने ओलांडता येते, तेव्हा सामान भरायचं आणि निघायचं, असं सहज वाटतं. जरूर निघा. पण मेक्सिकोत तुमचा राहण्याचा परवाना आणि तुमच्या गाडीचा परवाना एकमेकांना बांधलेले आहेत, हे आधी पक्कं लक्षात घ्या. तुमच्या कागदाची मुदत संपली की गाडीच्या कागदाचीही संपते, आणि तुमच्या कागदाचा प्रकार बदलला तर गाडीचा कागद रद्दही होतो. नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. म्हणून पुढचं सगळं कामांच्या क्रमाने लिहिलं आहे. तोच क्रम पाळा.

१. आधी तुमचा स्वतःचा कागद

भारतीय पासपोर्ट असला आणि त्यावर अमेरिकेचा चालू व्हिसा असला, किंवा तुमच्याकडे ग्रीन कार्ड असलं, तर पाहुणा म्हणून मेक्सिकोत जायला वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. किती दिवस द्यायचे हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, त्यामुळे शिक्क्यावरचा आकडा तिथेच उभं राहून वाचा. गाव आवडतं का, उन्हाळा सोसतो का, मुलांना करमतं का, हे पाहायला ही सोय उत्तम आहे. माझा आग्रह असा की घर सोडण्याआधी एक महिना तरी असं राहून यावं.

कायम राहायला मात्र रहिवासी व्हिसा हवा, आणि तो मेक्सिकोच्या बाहेरूनच काढावा लागतो. पाहुणा म्हणून आत जाऊन तिथेच रहिवासी होणं, जवळचं कौटुंबिक नातं वगळता, सहसा जमत नाही. अर्ज मेक्सिकन वकिलातीत करायचा. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो, लरेडो अशा अनेक शहरांत त्या आहेत. भारतातून जाणाऱ्यांसाठी दिल्लीचा दूतावास.

प्रकार दोन. ‘रेसिदेंते तेंपोराल’, म्हणजे तात्पुरता रहिवासी: पहिलं कार्ड एक वर्षाचं, मग नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत. आणि ‘रेसिदेंते पेर्मानेंते’, म्हणजे कायमचा. नोकरीवर जाणाऱ्यांसाठी तिथली कंपनी आधी मेक्सिकोतल्या इमिग्रेशन खात्याकडून मंजुरी घेते. स्वतःच्या उत्पन्नावर जाणाऱ्यांना मागच्या सहा महिन्यांचं उत्पन्न किंवा वर्षभराची शिल्लक दाखवावी लागते. तात्पुरत्या रहिवासासाठी ही उत्पन्नाची अट आता महिन्याला ४,००० डॉलरच्या वर गेली आहे. आकडा दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक वकिलातीचा थोडा वेगळा असतो, म्हणून तुमच्या वकिलातीचा चालू तक्ता पाहूनच अर्ज भरा.

इथे आपल्या नावांचा प्रश्न येतो, आणि तो बारीक नाही. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. अमेरिकेतल्या लायसन्सवर ते कधी असतं, कधी नुसतं एक अक्षर असतं, आणि गाडीच्या मालकीच्या कागदावर बऱ्याचदा गायब असतं. मेक्सिकोतला कारकून ही तीन नावं म्हणजे तीन माणसं समजू शकतो. गाडीच्या टायटलवरचं नाव पासपोर्टाप्रमाणे करून घ्यायला टेक्सासमध्ये थोडे आठवडे लागले तरी ते काम निघण्याआधीच उरका. शिवाय मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांचं आणि आईचं. अर्जात दुसऱ्या आडनावाची चौकट दिसली की ती रिकामी ठेवा. तिथे वडिलांचं नाव घातलंत तर पुढे प्रत्येक कार्डावर तेच तुमचं आडनाव होऊन बसेल.

लग्नाचा आणि जन्माचा दाखला भारतातला असेल तर त्यावर ॲपोस्टिल हवं, म्हणजे तो परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारने जोडलेलं प्रमाणपत्र. भारत २००५ पासून ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. महाराष्ट्रातल्या दाखल्याला आधी राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल, असा मार्ग आहे. स्पॅनिश भाषांतर मात्र मेक्सिकोत गेल्यावर तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून, ज्याला ‘पेरितो त्रादुक्तोर’ म्हणतात, करून घ्या. बाहेरचं भाषांतर पुष्कळ कचेऱ्या घेत नाहीत. नवरा किंवा बायको अवलंबित म्हणून येणार असेल तर हे काम सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात की आटोपून टाका. सीमेपलीकडून ते करवणं फार दमवतं.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी एक सूचना. अमेरिकेबाहेर सलग वर्षभर राहिलात तर ते कार्ड धोक्यात येतं, आणि सहा महिन्यांच्या वरच्या मुक्कामावरही प्रश्न होतात. जास्त दिवस बाहेर राहून परत येण्याची परवानगी, म्हणजे री-एंट्री परमिट, हवी असेल तर तिचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

२. गाडी न्यायची की विकायची

तात्पुरता रहिवासी आपली परदेशी गाडी तात्पुरत्या परवान्यावर आत नेऊ शकतो. कायमचा रहिवासी नेऊ शकत नाही. चार वर्षांनी, किंवा मेक्सिकन जोडीदारामुळे त्याआधीच, तुम्ही कायमचे रहिवासी झालात की ती गाडी देशाबाहेर नेणं किंवा रीतसर आयात करणं भाग पडतं. आयात ‘आखेंते आदुआनाल’ म्हणजे कस्टम एजंटमार्फत होते आणि प्रत्येक गाडीला ती लागू होत नाही. गाडी उत्तर अमेरिकेत बनलेली असली तर मार्ग बराच सोपा. चॅसीच्या क्रमांकाचं पहिलं अक्षर पाहा: १, ४, ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे खुद्द मेक्सिको. क्रमांक इंग्रजी ‘जे’ने सुरू होत असेल तर गाडी जपानमध्ये बनलेली आहे, आणि तिच्यावरचा कर गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही.

माझं मत सरळ आहे. दोन-तीन वर्षांच्या बदलीवर जात असाल आणि गाडी धड असेल तर घेऊन जा. कायमचंच जायचं असेल तर अमेरिकेतच विका आणि तिथे गेल्यावर निस्सान, फोक्सवागन, शेव्हरोले, माझदा यांपैकी तिकडे सर्रास चालणारं मॉडेल घ्या. त्यांचे सुटे भाग लहान गावातही मिळतात. अमेरिकी नंबरप्लेटवर वर्षानुवर्षं फिरणं म्हणजे दर वर्षी तिथलं रजिस्ट्रेशन सांभाळणं आलं, आणि ते संपलेलं असलं तर काही विमा कंपन्या दावा नाकारतात.

एक अपवाद आहे. बाहा कालिफोर्निया द्वीपकल्प, किन्ताना रो राज्य, सोनोराचा काही भाग आणि सीमेलगतचा पट्टा इथे गाडीला तात्पुरता परवाना लागतच नाही. सॅन डिएगोहून तिख्वाना किंवा एन्सेनादाला राहायला जाणाऱ्यांनी तिसरा टप्पा सोडून दिला तरी चालेल.

३. गाडीचा परवाना

हा परवाना कस्टम खात्याच्या वतीने ‘बानखेर्सितो’ ही लष्कराची बँक देते. ऑनलाइन काढता येतो, काही वकिलातींत मिळतो आणि सीमेवर मिळतो. रहिवासी व्हिसावर जाणाऱ्याने तो सीमेवरच काढावा, कारण ऑनलाइन अर्जात व्हिसाचा प्रकार चुकला तर दुरुस्ती करायला पुन्हा सीमेवरच उभं राहावं लागतं.

लागणारे कागद: पासपोर्ट आणि त्यातला व्हिसा, इमिग्रेशनचा प्रवेशाचा कागद, गाडीचं टायटल किंवा रजिस्ट्रेशन, लायसन्स, आणि त्याच नावाचं क्रेडिट कार्ड. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं, गाडी मेक्सिकोत न्यायला हरकत नसल्याचं पत्र लागतं. गाडी कंपनीची किंवा लीजवर असेल तर त्यांचं. हे पत्र मागितल्या दिवशी मिळत नाही, तेव्हा लवकर मागा.

शुल्क साधारण ५० ते ६० डॉलर. त्याखेरीज अनामत: २००७ किंवा त्यानंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, २००१ ते २००६ च्या मॉडेलला ३००, त्याआधीच्याला २००. गाडी मुदतीत परत बाहेर काढून परवाना रद्द करून घेतला की अनामत परत मिळते. परवान्यासोबत काचेवर लावायचं एक स्टिकर देतात. ते स्वतः कधीही खरवडू नका. परत जाताना बानखेर्सितोचा माणूसच ते काढतो आणि पावती देतो. ती पावती नसेल तर त्यांच्या लेखी गाडी अजून देशातच आहे, आणि मग अनामत तर जातेच, दुसऱ्या गाडीचा परवानाही तुमच्या नावावर मिळत नाही. एका माणसाला एका वेळी एकाच गाडीचा परवाना मिळतो. घरात दोन गाड्या असतील तर दुसरी जोडीदाराच्या नावावर हवी.

ही गाडी परवानाधारकाचा जोडीदार, आईवडील, मुलं आणि भावंडं चालवू शकतात. मित्राला किंवा ड्रायव्हरला चालवायला द्यायची तर तुम्ही स्वतः गाडीत बसलेले असायला हवेत. ओळखीपाळखीत गाडी देणं आपल्याकडे रोजचं, तिथे त्यावरून गाडी जप्त होऊ शकते.

४. सामान

रहिवासी व्हिसा मिळाल्यावर घरातलं वापरलेलं सामान करमाफ नेण्याची एकदाच सवलत मिळते. तिला ‘मेनाखे दे कासा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये सामानाची यादी करायची, विजेच्या वस्तूंचे मॉडेल आणि सीरियल नंबर लिहायचे, वकिलातीतून शिक्का घ्यायचा. ट्रक किंवा ट्रेलर नेणार असाल तर हे कराच. गाडीच्या डिकीत मावेल एवढंच असेल तर बहुतेक जण ही यातायात टाळतात, आणि ते ठीक आहे.

काय न्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. बंदूक नाही, आणि डिकीच्या कोपऱ्यात विसरलेली एक गोळीसुद्धा नाही. टेक्सासमध्ये जुनी गाडी विकत घेतली असेल तर ती एकदा पूर्ण झाडून पाहा. या गुन्ह्याला तिथे तुरुंग आहे. ई-सिगारेट नाही. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत बंद आहेत, त्या औषधांच्या डब्यातून काढून टाका. मसाल्याच्या डब्यातली खसखसही काढा, कारण अफूच्या झाडाचं बी म्हणून तिची आयात बंद आहे. पेरायची बियाणं, कढीपत्त्याचं रोप, माती, ताजी फळं घेऊ नका. कंपनीच्या बंद पाकिटातले दळलेले मसाले, हिंग आणि चहा सहसा अडवत नाहीत. घरी केलेला गोडा मसाला बिनलेबलच्या बरणीत असेल तर तो काय आहे हे स्पॅनिशमध्ये समजावण्याची तयारी ठेवा.

५. विमा

अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही. तुमच्या एजंटने ‘पन्नास मैलांपर्यंत चालतो’ म्हटलं तरी तिथल्या कायद्याला मेक्सिकन कंपनीची पॉलिसीच लागते. क्वालितास, जीएनपी, एचडीआय अशा कंपन्यांच्या पॉलिसी सीमा ओलांडण्याआधी ऑनलाइन निघतात. दुसऱ्याच्या जीविताच्या नुकसानीचं संरक्षण भरपूर घ्या आणि वकिलाची मदत व जामीन यांचं कलम त्यात आहे ना ते पाहा. कुणी जखमी झालेल्या अपघातात, दोष कोणाचा हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवता येतं. त्या वेळी कंपनीचा वकील पोलिस ठाण्यात पोहोचणं हाच तुमचा आधार असतो.

अपघात झाला तर गाडी हलवण्याआधी आणि कोणाशी तडजोड बोलण्याआधी विमा कंपनीला फोन करा. त्यांचा ‘आखुस्तादोर’, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, जागेवर येतो आणि पुढचं तो पाहतो. पॉलिसीची छापील प्रत गाडीत ठेवा.

६. सीमेवरचा दिवस

टेक्सासमधून जाणाऱ्यांचा मुख्य रस्ता लरेडोचा. शहरातल्या पुलांऐवजी वायव्येकडचा कोलंबिया पूल घ्या, असं मी सांगेन. तो थेट न्वेव्हो लेओन राज्यात उतरतो, तामाउलिपास राज्यातलं न्वेव्हो लरेडो शहर टळतं. अमेरिकी परराष्ट्र खातं तामाउलिपासला प्रवास टाळण्याच्या राज्यांत धरत आलं आहे. ॲरिझोनातून जाणाऱ्यांसाठी नोगालेसचं मारिपोसा नाकं, तिथे गाडीच्या परवान्याची कचेरी सीमेच्या दक्षिणेला २१व्या किलोमीटरवर आहे. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ईस्टरचा आठवडा टाळा. तेव्हा अमेरिकेतले लाखो मेक्सिकन घरी जात असतात, आणि कचेऱ्याही सुट्टीवर असतात.

पहाटे निघा, उजाडताच पूल ओलांडा. पलीकडे हिरवा किंवा लाल दिवा लागतो. लाल लागला तर सामान तपासतात. हिरवा लागला म्हणजे सगळं झालं असं समजून पुढे जाऊ नका. गाडीने येणाऱ्याला इमिग्रेशनच्या खिडकीशी कोणी नेत नाही, ती तुम्हालाच शोधावी लागते. गाडी लावा, आत जा, व्हिसा दाखवा आणि ‘कान्खे’ हा शब्द उच्चारा, म्हणजे व्हिसा देऊन त्याबदल्यात रहिवासी कार्ड घेणं. प्रवेशाच्या कागदावर ‘कान्खे, ३० दिवस’ अशी नोंद झाली पाहिजे. अधिकाऱ्याने चुकून पाहुणा म्हणून शिक्का मारला तर तुमचा रहिवासी व्हिसा वाया जाऊ शकतो, कारण तो एकदाच वापरता येतो. कागद हातात आल्यावर खिडकीतून हलू नका. वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे नम्रपणे दुरुस्त करून घ्या.

त्यानंतर झेरॉक्स, आणि मग बानखेर्सितोची खिडकी. गाडीच्या परवान्यावरची शेवटची तारीख वाचा. कान्खेवर आलेल्यांना बहुतेकदा तो ३० दिवसांचाच मिळतो.

७. रस्ता

लरेडोहून माँतेर्रे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तिथून साल्तियो, मातेवाला, सान लुइस पोतोसी करत केरेतारो साधारण ७०० किलोमीटर. एका दिवसात रेटू नका. मातेवाला हा जुना, सोयीचा मुक्काम आहे. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम कडक पाळा. लुटमारीची भीती आहेच, पण त्याहून रोजचा धोका म्हणजे रस्त्यावरची गुरं, दिवे नसलेले ट्रक आणि खड्डे.

‘कुओता’ म्हणजे टोलचा रस्ता, ‘लिब्रे’ म्हणजे बिनटोलचा. टोल महाग वाटला तरी पहिल्या प्रवासात कुओताच घ्या. रस्ता चांगला असतो आणि टोलच्या पावतीत प्रवाशांचा विमाही येतो, म्हणून पावती फेकू नका. नाक्यांवर पेसो रोख ठेवा. महामार्गावर गाडी बंद पडली तर ०७८ वर फोन करा. पर्यटन खात्याचे ‘आंखेलेस वेर्देस’ हिरव्या गाडीतून येतात आणि मदतीचे पैसे घेत नाहीत, सुटे भाग आणि पेट्रोलचे तेवढे द्यायचे. इतर संकटात ९११.

गावात शिरताना ‘तोपेस’ येतात, म्हणजे स्पीडब्रेकर. पाटी नसते, रंग उडालेला असतो, आणि उंची अशी की अमेरिकी सेडानचं पोट घासतं. गाव दिसलं की वेग टाकाच. पुढचा ट्रक डावा सिग्नल देत असेल तर तो ‘रस्ता मोकळा आहे, ओव्हरटेक कर’ असं सांगत असेल किंवा खरोखर डावीकडे वळणार असेल. स्वतःच्या डोळ्यांनी समोरचा रस्ता दिसल्याशिवाय पुढे काढू नका.

पेट्रोल पंपावर उतरून स्वतः भरायचं नसतं. हिरवा पंप साधं, लाल पंप प्रीमियम. मीटर शून्यावर आहे हे पाहा आणि भरणाऱ्याला पाच-दहा पेसो द्या. ट्राफिक पोलिसाने अडवून रोख मागितली तर शांतपणे लेखी दंडाची पावती मागा. घाई नाही असं दिसलं की पुष्कळदा तो सोडून देतो.

८. पहिले ३० दिवस

पोहोचल्यावर सर्वांत आधी इमिग्रेशन कचेरी. कान्खेचा अर्ज ३० दिवसांच्या आत दाखल व्हायलाच हवा, आणि हे कॅलेंडरचे दिवस आहेत, कामाचे नव्हेत. अर्ज, फोटो, बँकेत भरलेलं शुल्क, बोटांचे ठसे. बऱ्याच कचेऱ्यांत आता कार्ड त्याच दिवशी हातात पडतं. अर्ज चालू असताना देश सोडायचा असेल तर वेगळी परवानगी लागते, म्हणून या काळात भारताचं तिकीट काढू नका.

कार्ड हातात पडताच गाडीचं काम: कस्टम खात्याला कार्डाची प्रत देऊन गाडीच्या परवान्याची मुदत कार्डाच्या मुदतीइतकी वाढवून घ्यायची. हे आपोआप होत नाही. दाखल केलेल्या पत्रावर पोच घ्या आणि ती गाडीत ठेवा. पुढच्या वर्षी कार्डाचं नूतनीकरण केलंत की हेच पुन्हा. कार्डाचं नूतनीकरण मुदत संपण्याआधीच्या ३० दिवसांत करता येतं.

कार्डावर १८ अक्षर-अंकांचा ‘कुर्प’ क्रमांक असतो. शाळा, दवाखाना, फोन, सगळीकडे तोच विचारतात, तेव्हा पाठ करून टाका. पगार किंवा बिलं यांच्याशी संबंध येणार असेल तर कर खात्याचा आरएफसी क्रमांकही काढा.

९. घर आणि त्यातल्या वस्तू

भाड्याच्या घरासाठी घरमालक ‘आवाल’ मागतो, म्हणजे त्याच शहरात स्वतःची मालमत्ता असलेला जामीनदार. नवख्याकडे तो कुठून असणार? ‘पोलिसा खुरीदिका’ नावाची वकिली हमी विकत घेण्याचा पर्याय बऱ्याच मालकांना चालतो. नोकरीवर आला असाल तर कंपनीला जामीन राहायला सांगा. पहिला महिना छोट्या मुदतीच्या सुसज्ज घरात राहा आणि पायी फिरून मोहल्ला पाहा. रात्रीचा आवाज आणि पाण्याचा दाब जाहिरातीत दिसत नाही.

पाणी गच्चीवरच्या ‘तिनाको’ टाकीतून येतं, पण नळाचं कोणी पीत नाही. पिण्यासाठी २० लिटरचा ‘गार्राफोन’ दारात येतो. स्वयंपाकाला एलपीजी, सिलिंडर किंवा गच्चीवरची टाकी. गॅसवाले गल्लीतून आरोळी देत जातात. वीज १२७ व्होल्टची, प्लग अमेरिकेसारखे. अमेरिकेत घेतलेला ११० व्होल्टचा मिक्सर चालतो, भारतातून आणलेला चालत नाही. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं. वापर ठरावीक मर्यादेवर सतत राहिला तर सबसिडी जाऊन चढा दर लागतो, आणि माँतेर्रेच्या उन्हाळ्यात एसीमुळे हे सहज घडतं. विजेचं बिल जपून ठेवा; पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत तेच मागतात.

कुकर बरोबर न्या. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९२–९३ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात राजमा काही केल्या शिजत नाही. पहिला आठवडा जिन्याने चढताना तुम्हालाही धाप लागेल. भरपूर पाणी प्या.

बँक खातं रहिवासी कार्डावर उघडतं. खात्याला १८ आकडी ‘क्लाबे’ क्रमांक असतो आणि त्यावर काही क्षणांत पैसे जातात. खातं उघडेपर्यंत ‘ऑक्सो’ ही कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकानं कामाला येतात: फोनचं रिचार्ज, वीजबिल, सगळं तिथे भरता येतं. २०२२ मध्ये मेक्सिकोच्या बहुतेक भागाने घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं, त्यामुळे मध्य मेक्सिको आणि भारत यांच्यात आता बारा महिने साडेअकरा तासांचं अंतर आहे. तिकडे सकाळचे ८ म्हणजे आईकडे संध्याकाळचे साडेसात. फोनला याहून चांगली वेळ नाही.

साध्या आजारपणाला औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टरची खोली असते, अगदी थोडक्या पैशात तपासतात. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मोठ्या आजारासाठी खासगी आरोग्य विमा पहिल्या महिन्यातच घ्या.

१०. जेवण आणि माणसं

शाकाहारी माणूस मेक्सिकोत उपाशी राहत नाही, पण त्याला विचारायला शिकावं लागतं. ‘कार्ने’ नको म्हटलं तर पुष्कळांच्या मते फक्त लाल मांस नको. कोंबडी येऊ शकते. बीन्स डुकराच्या चरबीत, म्हणजे ‘मान्तेका’त, परततात आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ‘येवा मान्तेका?’ म्हणजे यात चरबी आहे का, आणि ‘काल्दो दे पोयो?’ म्हणजे कोंबडीचं पाणी आहे का, हे दोन प्रश्न तोंडात बसवा. विचारल्याचा कोणी राग मानत नाही.

घरी रांधणाऱ्याची मात्र चंगळ आहे. ‘तियांगिस’ या आठवडी बाजारात कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबं, चिंच, रताळी, पेरू, आंबे, भोपळ्याची फुलं, शेंगदाणे सगळं मिळतं. ‘पिलोन्सियो’ म्हणजे गूळच. राजगिरा मूळचा याच भागातला आणि ‘आलेग्रिया’ नावाने त्याची वडी रस्त्यावर मिळते, तेव्हा उपासाची चिंता मिटली. चिक्कूही मूळचा इथलाच. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता शोधावा लागतो. पहिल्या सहा महिन्यांची तूरडाळ आणि हिंग गाडीतून न्या.

भाषेत अडलात तरी चालेल, अभिवादनात अडू नका. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना आधी ‘ब्वेनोस दियास’, दुपारनंतर ‘ब्वेनास तार्देस’. कुणी जेवत असेल तर बाजूने जाताना ‘प्रोवेचो’. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणा. कचेरीत खिडकीशी जाऊन थेट कामाचं बोललात तर कारकून कागद बाजूला ठेवतो. आधी विचारपूस केलीत तर तोच कागद सरकतो. हे खुशामतीचं नाही, तिथली रीतच अशी आहे, आणि मनापासून पाळली तर परक्या देशात ओळखी फार लवकर होतात.

मेक्सिको सिटीत भारतीय दूतावास आहे, आणि गुरुदेव टागोर भारतीय सांस्कृतिक केंद्रही. दिवाळीला तिथे आपली माणसं भेटतात. आणि तिथवर गेलात तर एका मराठी माणसासाठी एक दिवस काढा. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून देशोदेशी भटकत १९२०च्या दशकात मेक्सिकोत आले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं आहे. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वी हा माणूस भाषेची ओळख नसताना तिथे रुजला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा झाला, हे मला फार मोठं वाटतं.

चापिंगो तेश्कोको गावाजवळ आहे, तिथे बस जाते. भित्तिचित्र शहराच्या जुन्या मध्यभागी आहे; त्यासाठी मात्र गाडी काढू नका. परदेशी नंबरप्लेटच्या गाड्यांना मेक्सिको सिटीत सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ते सकाळी ११ बंदी असते, शिवाय नंबरच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद. गाडी मुक्कामी ठेवून मेट्रोने सोकालो स्टेशनवर उतरा, तिथून पायी जाता येतं.